मूलभूत क्रिया

वाशीला, सहाव्या मजल्यावर, खाडीकडच्या खोलीत
मी जबाब टाइप करतो. अठरा वर्षं झाली.
प्रश्न मराठीत, उत्तर मराठीत, कागद इंग्रजीत.

आजचं प्रकरण हरितकुंभ फार्म्सचं.
भागीदार एकशे बेचाळीस, कोणी नेरुळचे, कोणी घोडबंदर रोडचे,
प्रत्येकी दोन गुंठे, हापूसची चार कलमं
आणि वेलबुट्टीची चौकट असलेलं जाड प्रमाणपत्र.
जमीन मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी.
(आमच्या साडूंचाही एक वाटा आहे त्यात.
मी हे कोणाला बोललेलो नाही.)

साहेब म्हणतात, हे उत्पन्न नाही, व्याज आहे.
हापूस एका वर्षाआड धरतो, हे आमच्या शिपायालाही ठाऊक.
यांची कलमं मात्र सलग सहा वर्षं
एकतीस मार्चच्या आत
शेकडा अकरा टक्के मोहरतात.

भानुशाली सीए उभे राहतात :
करारानं कामं दुसऱ्याला दिली म्हणून शेती शेतीच राहते, करमुक्त.
साहेब करार उलटतात. कलम नऊ :
भागीदाराने जागेवर येण्याची आवश्यकता नाही.
या प्रकरणात ‘कलम’ आलं की माझी बोटं थांबतात,
लावायचं की वाचायचं, ते बघावं लागतं.

सगळं येऊन अडतं एवढ्यावर :
जमीन फोडली कोणी, खड्डे काढले कोणी, बेणलं कोणी.
कायदा याला मूलभूत क्रिया म्हणतो.

साक्षीदार चांगुणा महादू मेंगाळ, वय अंदाजे पन्नास,
खुर्चीच्या कडेला बसलेली, एसीखाली पदर घट्ट ओढून.

खड्डे कोणी काढले?
मीच. न् माझी सून.
पाणी?
हंड्यानं. पंप कागदावर हाय म्हणतात, मी पायला नाय.
भागीदारांना ओळखता?
येती ना. वरसातून एकदा बस येती.
आपलं झाड कुठलं ते हुडकती, फोटो काढती.
झाड कसं ओळखतात?
पत्र्याचा बिल्ला असतो, नंबराचा.
तिसऱ्या वरसाला वणवा आला, निम्मी कलमं गेली,
मंग बस यायच्या आदल्या राती
मेल्या झाडांचं बिल्लं मी जित्या झाडांना बांधते.
एकेका झाडाला तीन-तीन मालक होती.
मॅनेजर सांगतो, उतरायची येळ येगळी येगळी ठेव.

खोलीत कोणी हललं नाही.
भानुशालींनी पेनाचं टोपण लावलं.
मला साडूंच्या दिवाणखान्यातला फोटो आठवला,
खोडावर हात, गळ्यात गमछा, बिल्ला ८७.

‘वणवा’ला मी शब्द शोधला, मिळाला.
‘बेणणी’ला मिळाला, पण बुटका.
खुरपं धरून वाकलेली कंबर त्यात येत नाही.

पुढे तिची मजुरी, खर्चाच्या यादीत, ओळ एकोणीस.
वर्षाला अठ्ठावन्न हजार दाखवलेत.
तिला विचारलं. ती हसली,
आणि मग हसणं रेकॉर्डवर कसं घ्यायचं
यावर दोन्ही बाजूंनी थोडी चर्चा झाली.
तरी व्हाउचर नसल्याने खर्च नामंजूर.
म्हणजे आता कागदोपत्री
तिथे कोणी काहीच केलेलं नाही.

पदराच्या गाठीतून तिनं एक बिल्ला काढून टेबलावर ठेवला,
तार अजून अडकलेली, तारेला सालीचा तुकडा.
परिशिष्ट ‘ख’. लाखेचा शिक्का.

पुढची तारीख तेवीस.
सगळे गेल्यावर मी साक्षीदार भत्त्याचा फॉर्म पुढे घेतला.
कल्याणवरून मुरबाड, तिथून जीप, एकूण दोनशे दहा.
पॅन नंबर नाही. हरकत नाही, रेघ मारली.
व्यवसाय? मी विचारलं.
ती खिडकीतून खारफुटीकडे बघत होती.
हे कोणी लावलंय? म्हणाली.
कोणी नाही, म्हटलं, आपोआप येतं.
आपोआप काय येत नाय, ती म्हणाली.

रकान्यात मी ‘शेती’ लिहिलं, कोणाला न विचारता.
अकाउंट्समधून फॉर्म दुसऱ्या दिवशी परत आला,
त्या शब्दाभोवती लाल गोल :
पुरावा जोडा.